खर्ज दारातून निसटतो

तानपुऱ्याचा खर्ज नीट ऐकू येत नाही, अशी तक्रार घेऊन कार ॲक्सेसरीजच्या दुकानात फारसं कोणी जात नसावं. तिथे सीट कव्हर, फूटमॅट, मागचा कॅमेरा यांची गिऱ्हाइकं असतात. संध्याकाळी मित्रांना घेऊन येणारी पोरं असतात, त्यांची अट एकच, आरसा हलला पाहिजे. सांगली-मिरज रस्त्यावरच्या दुकानातल्या कारागिराने माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, फडक्याला हात पुसले आणि विचारलं, "म्हणजे ताई, बेसच ना?"

एका अर्थी त्याचं बरोबर होतं. पुरुषाच्या गळ्यासाठी तानपुरा हार्मोनियमच्या काळी एकला लावला, तर जोडीच्या दोन तारा साधारण १३९ हर्ट्झवर बोलतात. चौथी, खर्जाची पितळी तार त्याखाली एक सप्तक, म्हणजे ६९ हर्ट्झवर. आरसा हलवायला जे लागतं ते याच्याच शेजारपाजारचं. पोरांना ते ठोक्याठोक्याने हवं असतं, मला ते अखंड हवं होतं, मागे, गाण्याच्या खाली अंथरलेलं. स्पीकरला हा फरक कळत नाही. त्याला ६९ म्हणजे ६९.

मग इतकी वर्षं गाडीत गाणं ऐकताना खर्ज नाही हे जाणवलं कसं नाही? कारण तो ऐकू येत होता. गंमत तिथेच आहे. एखाद्या स्वराचा मूळ पाया काढून टाकला आणि वरचे उपस्वर तेवढे ठेवले, तरी त्या उपस्वरांमधल्या अंतरावरून मेंदू पाया ताडतो आणि तोच स्वर आपल्याला ऐकवतो. जुना टेलिफोन ३०० ते ३४०० हर्ट्झएवढंच पलीकडे पोचवायचा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो तारेतून जातच नसे. तरी मुंबईहून मामाचा ट्रंककॉल आला की पलीकडे मामाच असायचा, त्याची मुलगी नव्हे. तानपुरा तर उपस्वरांवरच जगतो. जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली धागा सरकवून आणलेली झणकार, चांगली लागली असेल तर खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार वर येतो, तो त्याच तारेचा पाचपट वेगाने कंपणारा उपस्वर. तेव्हा फोनवर, लॅपटॉपवर आणि गाडीतल्या कागदी स्पीकरवर आपण खर्ज ऐकतो तो असा, उधारीवर. सूर कळतो, श्रुती कळते, पण अंगाला काही लागत नाही.

हे मला कधी टोचलं नसतं. बाबांना टोचलं. त्यांच्याकडे मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून आणलेला तानपुरा आहे, गाणं कधीच सुटलं तरी रोज संध्याकाळी तो खोळीतून बाहेर निघतो. पुण्याला जाताना ते माझ्या डावीकडे बसतात, मोबाइलवरून त्यांच्या आवडीचं लावायची मुभा त्यांना असते. एकदा कऱ्हाडच्या पुढे त्यांनी आलाप मध्येच बंद केला आणि म्हणाले, "तानपुऱ्याला भोपळाच नाही गं याच्यात. नुसत्या तारा आहेत." इतकं नेमकं निदान मला पुढे कुठल्याच तांत्रिक लेखात सापडलं नाही.

गाडी माझी साधी, मधल्या व्हेरिएंटची हॅचबॅक. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. गाडीचा हिशोब करणाऱ्यासाठी स्पीकर ही चार दारांत चार नग बसवायची वस्तू असते. हलकी हवी, पावसाच्या ओलीत टिकायला हवी, स्वस्त हवी. म्हणून प्लास्टिकची चौकट, कागदाचा शंकू आणि मागे लाडवाएवढं लोहचुंबक. असा स्पीकर हातात घेतला की पहिली प्रतिक्रिया 'एवढासा?' अशीच होते. बातम्या, फोनवरचं बोलणं, जाहिराती यांना तो पुरतो, आणि बहुतेकांना गाडीत तेवढंच हवं असतं. शिवाय आपल्याकडे गाडी नागडी मिळायची जुनी सवय. फियाट-अँबेसेडरच्या जमान्यात रेडिओ ही नंतर बसवायची चैन होती, वर रेडिओला सरकारी परवाना लागे. मारुती आली तरी कॅसेट प्लेअर बाहेरूनच बसवला जाई, आणि पुढे सुटं पॅनल निघाल्यावर ते पॅनल खिशात घालून हॉटेलात जेवायला जाणारे काका आपण सगळ्यांनी पाहिलेत. ॲक्सेसरीजच्या दुकानांची सगळी दुनिया त्या नागडेपणावर उभी राहिली. आता कंपन्या टचस्क्रीन देतात, मागे पडदा देतात, सनरूफ देतात. दारातला स्पीकर मात्र बराचसा आहे तिथेच राहिलाय, कारण तो शोरूममध्ये दिसत नाही.

दुकानात गेलं की आधी हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला गाणी वाजवणारा मुख्य डबा, विकायचा प्रयत्न होतो. मोठा अँड्रॉइड पडदा, त्यावर नाचणारे रंगीत खांब, खोक्यावर छापलेलं '५० वॅट × ४'. या ५० वॅटचं गणित शाळेतल्या विज्ञानाने सुटतं आणि ते एकदा करून बघावं, पुढचे पुष्कळ पैसे वाचतात. इंजिन चालू असताना गाडीचा विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्ट. साध्या हेड युनिटमधल्या चिपला स्पीकरकडे ढकलायला तेवढाच मिळतो. स्वच्छ स्वरलहरीचं शिखर १४.४ व्होल्ट धरलं तर तिचा प्रभावी दाब १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग करून स्पीकरच्या ४ ओहमने भागलं की २६ वॅट. चिपमधली गळती वजा जाता हाती येतात अठरा-वीस. मग पन्नास आले कुठून? १४.४ चा थेट वर्ग करून ४ ने भागा, ५१.८ येतात. म्हणजे लहरीचा माथा पूर्ण सपाट झालेला, स्वर फाटून नुसता चौकोनी खरखराट उरलेला, त्या अवस्थेत पन्नास वॅट. खोक्यावरचा आकडा खोटा नाही, फक्त तेवढ्या वॅटला गाणं शिल्लक राहत नाही. म्हणून आकड्यापुढे आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, असं लिहिलंय का ते बघायचं आणि नसेल तर खोकं परत ठेवायचं.

माझा आधीचा पडदा चांगला चालत होता. स्टिअरिंगवरची बटणं, मागचा कॅमेरा, सगळं त्याला जोडलेलं. त्याला हात लावायचा नाही आणि कंपनीची एकही वायर कापायची नाही, या दोन अटी मी घातल्या. दुसरी अट वॉरंटीसाठी. कापलेली वायर दिसली की पुढे कुठलाही इलेक्ट्रिकल बिघाड आपल्याच माथी मारला जातो. हल्ली बहुतेक गाड्यांसाठी तयार कपलर मिळतात, मूळ कपलर सोडवून मध्ये आपला घालायचा, उद्या काढून टाकायचा. कारागीर म्हणाला, "तुम्ही आधीच सगळं वाचून आलाय, मग मी काय करू?" त्याने काय केलं ते सांगते, कारण मला काही शिकायला मिळालं असेल तर ते त्याच्या हाताखाली, दारात.

त्याने डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, काढलं. दाराचं आतलं रूप मी आधी पाहिलेलं नव्हतं. बाहेरचा पत्रा, त्याच्या आत काच वरखाली व्हायला मोकळी जागा, मग आतला पत्रा. या आतल्या पत्र्याला मोठमोठी खिंडारं असतात, कारखान्यात काचेची यंत्रणा बसवायला हात घालता यावा म्हणून. त्यांवर एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवलेला. स्पीकर याच आतल्या पत्र्यावर. त्याने मोबाइलवरचा एक सलग खर्जाचा स्वर लावला आणि मला सांगितलं, त्या खिंडारापाशी हात धरा. हाताला हवा लागत होती. स्पीकरचा शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. ही मागची उलटी लहर खिंडारातून बाहेर येऊन पुढच्या लहरीला मिळाली की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. उंच स्वरांचं यात फार बिघडत नाही, त्यांच्या लहरी आखूड आणि त्या सरळ पुढे जातात. ६९ हर्ट्झची लहर मात्र पाच मीटर लांब. तिला अर्ध्या फुटावरच्या भोकातून वळून यायला काहीच कष्ट नाहीत. स्पीकर कितीही भारी घ्या, खिंडार तसंच असेल तर खर्ज दाराशीच संपतो.

बाबांचा भोपळा म्हणजे हा. दार हे स्पीकरचं खोकं आहे आणि कंपनीने खोकं उघडं ठेवलंय.

यावर उपाय म्हणून ब्युटाइलची शीट लावतात. चिकट, जड रबरासारखा थर, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, जाडी दोनेक मिलिमीटर. आधी बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला, मग आतल्या पत्र्याची खिंडारं बुजवायला. दारावर बोटाने टिचकी मारली की शीट लावण्याआधी 'टण्ण' वाजायचं, लावल्यावर 'ठप्'. बाबा सोबत आले होते, स्टुलावर बसून बघत होते. मिरजेत भोपळा निवडताना कारागीर असाच बोटाने वाजवून बघतात, हे त्यांना आठवलं. ते कडू भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात, वाळायलाच महिनोन्महिने जातात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाबांनी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. पण टिचकी मारून दोघे शोधतात ते उलट. भोपळा बोलका हवा, तारेला त्याने आपला आवाज जोडायला हवा. दार मुकं हवं. वाद्याचा आवाज मिरजेत, मैफलीत, मायक्रोफोनसमोर एकदा घडून गेलेला असतो, त्यात पत्र्याने स्वतःची भर घालायची नसते. बाबा म्हणाले, "म्हणजे भोपळा नाही म्हणून रडत होतो, आणि इथं आहे तोच भोपळा मारायचा?" कारागीर हसला. "काका, तुमचा भोपळा रेकॉर्डिंगमध्ये आहे. हा दुसराच मध्ये बडबडतोय."

या कामात घाई करणारी माणसं कुठे चुकतात तेही त्याने दाखवलं. काच आणि बाहेरचा पत्रा यांच्यामधून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते खाली बारीक भोकांतून निघून जातं. ती भोकं शीटखाली बुजली तर पावसाळ्यानंतर दारात पाणी खळखळतं आणि पत्रा आतून कुजतो. कोकणातल्या गाडीचं तर काही खरं नाही. स्वस्तातली डांबरी शीट लावून देणारेही भेटतात. मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली की तिचा वास येतो आणि ती मऊ पडते. काच पूर्ण खाली करून स्पीकरचं चुंबक तिला लागत नाही ना, हे पॅड बसवायच्या आधी बघायचं. आणि एक गोष्ट जी त्याने स्वतः फोन करून विचारून घेतली: काही गाड्यांत बाजूची धडक ओळखणारा सेन्सर दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजतो. तशा दाराची भोकं बुजवली की त्याचं वागणं बदलू शकतं. माझ्या गाडीत तो प्रकार नव्हता. तुमच्या गाडीत असेल तर तानपुरा राहू द्या.

स्पीकरबद्दल मी थोडक्यात सांगणार आहे, कारण लोक बोलतात ते सगळं स्पीकरबद्दलच. पुढच्या दारांत साडेसहा इंची कंपोनंट, म्हणजे खालच्या स्वरांचा वूफर दारात आणि वरच्या स्वरांचा ट्वीटर सुटा. मागच्या दारांतले कंपनीचे तसेच ठेवले, कारण मागे गाणं ऐकायला कोणी बसत नाही, आणि बसलं तर बोलतं. एका स्पीकरच्या पोटात ट्वीटर बसवलेला कोॲक्सियल स्वस्त पडतो आणि पुष्कळांना पुरतो. पण त्यात ट्वीटर गुडघ्याच्या उंचीला राहतो आणि जवारीची सगळी झिलई वरच्या स्वरांत असते. ते कानाच्या दिशेने यायला हवेत. ट्वीटर खिडकीच्या कोपऱ्यातल्या तिकोनी पट्टीत बसवले. समोरच्या काचेशेजारचा खांब जास्त सोयीचा दिसत होता, पण ज्या गाड्यांत खिडकीवर पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असते त्यांत ती त्या खांबाच्या आसपास दडलेली असते. अपघातात ट्वीटर उडून तोंडावर यायला नको.

ॲम्प्लिफायर मात्र ऐकण्याची सवयच बदलतो. त्याची गरज मोठ्या आवाजासाठी आहे हा समज मलाही होता. दोन आवाजांमधला दुप्पट वाटणारा फरक साधारण दहा डेसिबलचा असतो आणि त्यासाठी दसपट वॅट लागतात. वीसचे पन्नास वॅट केल्याने जोर फारसा वाढत नाही. वाढतो तो वाव. हळू आलाप चाललेला असतो, मध्येच गवई तार सप्तकात झेप घेतो, त्या क्षणी लागणारी ताकद एकदम कित्येक पट होते. छोटा ॲम्प तिथे लहरीचा माथा कापतो आणि आवाज फाटतो. फाटू नये म्हणून आपण आवाज कमी ठेवतो, मग आलाप ऐकू येत नाही. ताकद हाताशी असेल तर हे चाललेलं भांडण थांबतं. काही कंपन्यांच्या सिस्टीम स्पीकर वाचवायला याहून हुशारी करतात, आवाज वाढवत गेलात की खालचे स्वर गुपचूप कमी करत जातात. म्हणून मोठ्याने लावूनही पोट भरत नाही.

ॲम्पची वायर थेट बॅटरीपासून यायला हवी आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. याला तडजोड नाही. ही वायर बॉनेटखालून पत्र्यातून आत येते. पत्र्याच्या कडेने तिचं आवरण सोलवटलं आणि फ्यूज नसला तर गाडी पेटू शकते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर बाजारात सर्रास मिळते, जाडी तेवढीच, रंग तोच, किंमत निम्मी. चाकूने एक धागा खरवडला की आत पांढरं दिसतं. मी तिथेच खरवडून पाहिलं. दुकानदाराला ते आवडलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

सगळं जोडल्यावर इंजिन चालू केलं आणि तानपुऱ्यासोबत एक बारीक 'सूंऽऽ' सुरू झालं. ॲक्सिलरेटर दाबला की त्याचा सूर चढायचा, सोडला की उतरायचा. बाबांनी लगेच बोट वर केलं, "निषाद. चढा." हा आवाज अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचा. ॲम्पचं अर्थिंग रंगावर बसलं असेल, किंवा स्क्रीन आणि ॲम्प यांची अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी असतील, तर अल्टरनेटरची वीज गाण्याच्या वाटेत शिरते. दुखणं फार जुनं आहे. १९३० मध्ये शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंनी मोटारीत रेडिओ बसवून विकायला सुरुवात केली, मोटोरोला हे नाव त्यातूनच आलं. त्यांच्यासमोरचं मोठं संकट रेडिओ नव्हतंच. इंजिनातल्या ठिणग्यांचा खरखराट त्यात शिरायचा, तो थोपवायचा कसा हे होतं. दोन वर्षांनी जर्मनीत ब्लाउपुंक्टने काढलेला मोटारीचा रेडिओ १५ किलोचा होता. इतक्या काळात वजन तळहातावर मावेल एवढं झालं आणि खरखर तीच राहिली. कारागिराने सीटखालचा रंग घासून चकचकीत पत्रा काढला, अर्थिंगचा बोल्ट तिथे आवळला, ऑडिओची वायर वीजवायरच्या विरुद्ध बाजूने नेली. निषाद गेला.

सबवूफर, म्हणजे फक्त सर्वांत खालच्या स्वरांचा स्पीकर, घ्यायचा की नाही यावर आम्ही अडलो होतो. डिकीतली ती नळकांडी, जिला सगळे बेसट्यूब म्हणतात, मला नको होती. ती एकच सूर गुरगुरते. शेवटी ड्रायव्हरच्या सीटखाली मावणारा चपटा आठ इंची घेतला. इतका लहान का पुरतो त्यात खोलीचं भौतिकशास्त्र आहे. माझ्या गाडीची आतली सर्वांत मोठी लांबी अडीच मीटरच्या आसपास. ६९ हर्ट्झची अर्धी लहर तेवढीच. त्याखालच्या स्वरांना लहर म्हणून फिरायला गाडीत जागाच नसते, आतली सगळी हवा एकदम दाबली जाते, एकदम सुटते, आणि स्वर जितका खाली तितका त्याला गाडीचा हातभार जास्त. दिवाणखान्यात ज्यासाठी कपाटाएवढं खोकं लागेल ते गाडीत सीटखाली होतं. घरच्या स्पीकरपेक्षा गाडी सरस ठरते अशी ही बहुधा एकमेव जागा. सबची पातळी मी इतकी खाली ठेवली की तो चालू आहे हे कळू नये, बंद केल्यावर मात्र चुकल्याचुकल्यासारखं वाटावं. पोरं म्हणतील, मग घेतला कशाला.

आता बसण्याच्या जागेविषयी. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे. उजव्या दारातला स्पीकर माझ्या कानापासून जितका दूर, त्याहून डावा जवळजवळ अर्धा मीटर जास्त दूर. आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे उजवा स्वर दीडेक मिलिसेकंद आधी पोचतो. एवढ्या अंतराने कान निकाल देऊन टाकतो: आवाज जिथून आधी आला, गवई तिथे. म्हणून साध्या गाडीत गवई कायम माझ्या उजव्या मांडीशी, दाराच्या खिशात, पाण्याच्या बाटलीशेजारी बसलेला असतो. डीएसपी (डिजिटल सिग्नल प्रोसेसर) नावाच्या डबीने उजव्या स्पीकरला तेवढं थांबवून ठेवता येतं. कारागिराने टेपने अंतरं मोजली, लॅपटॉपवर आकडे भरले, आणि गवई उठून समोर डॅशबोर्डच्या मध्यावर जाऊन बसला. तानपुरे त्याच्या दोन्ही बाजूंना, थोडे मागे. तबला डावीकडे. मी वळून बाबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा वाकडा.

कारण साधं होतं. माझ्यासाठी उजवा थांबवला, त्यांच्यासाठी तो आधीच दूर होता, आता आणखी उशिरा पोचू लागला. त्यांच्या बाजूला सगळी मैफल डाव्या खिडकीला लागून दाटीवाटीने बसली. "गवई माझ्या खांद्यावर बसलाय," ते म्हणाले. ही वेळ जुळवणी एकाच डोक्यासाठी करता येते, आणि ते डोकं ठरवायचा अधिकार ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याचा, असा या धंद्यातला अलिखित नियम आहे. परदेशातल्या कार-ऑडिओ स्पर्धांत बहुतेक ड्रायव्हरच्या सीटवर बसूनच गुण देतात म्हणे. मला हे पटत नाही. गाडी चालवणारा माणूस निम्मा वेळ ट्रककडे बघत असतो. ऐकणारा शेजारी बसलेला असतो. डबीत सेटिंग साठवायला चार जागा होत्या. पहिल्या जागेत माझं, दुसऱ्यात बाबांचं, तिसऱ्यात कोणालाच न थांबवता दोघांवर सारखाच थोडा अन्याय. कारागिराला दुसऱ्या जागेचं आश्चर्य वाटलं. शेजारच्या सीटसाठी सेटिंग मागणारं गिऱ्हाईक त्याला याआधी भेटलं नव्हतं.

पैशांचं बोलायचं तर सगळं मिळून पन्नास हजारांच्या आत बसलं. त्यातली शीट आणि मजुरी हा भाग सर्वांत स्वस्त आणि त्याचाच फरक सर्वांत मोठा. कोणी विचारलं तर मी सांगते, पुढची दोन दारं आधी करा, जुनेच स्पीकर परत लावा आणि महिनाभर ऐका. पुष्कळांचं काम तिथेच होईल. दुकानाला हे परवडत नाही, त्यामुळे दुकान हे सांगत नाही. नवा पडदा सगळ्यात शेवटी, तोही जुना बिघडला तर. आणि ब्लूटूथने आवाज खराब होतो म्हणून महागडे पर्याय शोधणाऱ्यांनी आधी दार उघडं आहे का ते बघावं.

एवढं करून काय मिळत नाही, तेही खरं सांगायला हवं. पुणे-बंगळूर रस्त्यावर ऐंशीच्या वेगात टायर आणि वारा मिळून जो घोर चालतो तो मुख्यतः खालच्या स्वरांचा. तो बरोबर खर्जावर येऊन बसतो. त्यात आपला कान हळू आवाजात खालच्या स्वरांना मुळातच मंद. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये त्याचे आलेख काढून ठेवलेत. खडबडीत पट्टा आला की बाबांचा भोपळा पुन्हा गायब, उरतात तारा. खरं ऐकणं होतं ते गाडी थांबल्यावर, काचा वर, इंजिन बंद. पन्नास हजार घालून गाडी उभी करून ऐकायचं म्हणजे घरी हेडफोन का घेतला नाहीस, हा प्रश्न नवऱ्याने विचारला. हेडफोन दोघांना एका वेळी लावता येत नाही, एवढं उत्तर मला सुचलं.

जुन्या ध्वनिमुद्रणांचं आणखी वेगळं. १९२५ च्या सुमाराला विजेवर चालणारा मायक्रोफोन येईपर्यंत गवई भोंग्यात तोंड घालून गात आणि त्या यंत्राला खालचे स्वर पकडताच येत नसत. त्या काळच्या तबकड्यांत खर्ज गेलेलाच नाही, तर माझ्या सीटखालच्या डबीतून तो येणार कुठून? १९३७ मध्ये गेलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला त्यांच्या स्मरणार्थ अजून रात्ररात्र गाणं होतं आणि बाबा अजून जातात. खाँसाहेबांच्या तबकड्या नव्या ट्वीटरवर लावल्या तर आधी ऐकू येते सुईची खरखर, जुन्या कागदी स्पीकरने पदरात घेतलेली. चौथी जागा रिकामी होती, तिथे ट्रेबल उतरवलेलं सेटिंग ठेवून दिलं. बाबांना खरखरीचं काही वाटत नाही. ते म्हणतात, ती गेली तर काळ कळणार कसा.

गाडीच्या विम्यात या वस्तू नोंदवल्या. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिकल सामानाला त्याच्या किमतीच्या चार टक्के जास्त हप्ता पडतो, न नोंदवता चोरी झाली की हात वर. कंपनीचे मूळ स्पीकर खोक्यात घालून माळ्यावर ठेवलेत. जुनी गाडी घेणारे स्पीकरचा एक रुपया वाढवून देत नाहीत, म्हणून विकताना आपले काढून घ्यायचे आणि मूळचे परत बसवायचे. दोन तासांचं काम आहे, असं कारागीर म्हणाला. शीटचं काय करायचं विचारलं तर म्हणाला, "ती राहू दे ताई. काढायला गेलात तर दिवस जाईल आणि चिकटा निघणार नाही. पण घेणारा आला की त्याला दार लावून बघायला सांगा. ठप् वाजतं ना, त्याला वाटेल गाडी मजबूत आहे. पाच हजार जास्त सांगा."